हलक्या कामास योग्य

आत्या, काल तुझ्या तेराव्याला मी भांडले.

पंगत उठली होती. बायका पत्रावळी गोळा करत होत्या. तुझ्या चुलत जावेने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “सुटली बिचारी. डोळं न्हाईत, लेकरू न्हाई, कुनाचा आधार न्हाई.” पहिल्यांदा मी ऐकून सोडलं. तिने कुणा पाहुणीला पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा हातातलं आमटीचं पातेलं मी जमिनीवर आदळलं. “बिचारी कुणाला म्हणता? तुमच्या दारात कधी चिमूटभर मीठ मागायला आली होती का ती?” ती बाई रडायलाच लागली, आणि या वेळी खरं रडली. मला वाईट वाटलं, पण माफी मागावीशी वाटली नाही. तू असतीस तर मलाच झापलं असतंस. “दारात आलेल्या मानसाला असं बोलत्यात व्हय, लिले?”

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे पलटणीत कामावर हजर व्हायला भिंगारला परत गेले. मी मागे राहिले, घर आवरायचं म्हणून. आवरण्यासारखं तू काही ठेवलेलंच नाहीस. तरी मी डबे खाली काढते, पुसते, परत मांडते, आणि मांडल्यावर पुन्हा तपासते, जागा चुकली तर नाही ना. मिठाच्या मागे तिखट, तिखटाच्या अंगाला जिरं. मग आठवतं, आता जागा चुकली तरी कुणाचं अडणार आहे?

तुझ्याशी बोलणं अर्धवट राहिलंय. आपण कुठलंच भांडण पुरं केलं नाही. दर वेळी माझ्या एस.टी.ची वेळ व्हायची, तू म्हणायचीस, “जा आता, गाडी चुकंल. ऱ्हायलेलं पुढल्या खेपंला भांडू.” पुढच्या खेपेला नवीनच विषय निघायचा. आता साठलेलं सगळं माझ्या एकटीकडे आलंय.

आई गेली तेव्हा मी लहान होते. दादांनी मला तुझ्याकडे आणून सोडलं. दादांची तू धाकटी बहीण, नवरा जाऊनही सासरच्या या दोन खोल्या न सोडलेली. मला तुझी भीती वाटायची. सकाळी मिश्री लावत तू ओट्यावर बसायचीस आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही सुनवायचीस. मी शाळेत होते तेव्हापासून तुझे डोळे जायला लागले. आधी कडेचं दिसेना. “नळीतनं बघितल्यागत दिसतंय गं,” म्हणायचीस. ती नळी वर्षावर्षाला बारीक होत गेली. माझं लग्न होऊन मी भिंगारला गेले, त्याच्या पुढच्या साली तीही बंद झाली.

लोकांना वाटलं की आता तू दादांकडे जाशील, दादा गेल्यावर वाटलं की माझ्याकडे येशील. आलीसही एकदा, आठवड्यासाठी. आमच्या क्वार्टरमध्ये तू कशाकशाला धडकलीस ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. खुर्चीला, सायकलीला, न्हाणीघराच्या पायरीला. पलटणीत पहाटे बिगुल वाजला की दचकून उठायचीस आणि दार कुठल्या बाजूला ते तुला कळायचं नाही. शेजारणी आल्या की मी तुझा हात धरून तुला बसवायची. निघायच्या दिवशी तू म्हणालीस, “भिंगारात मी आंधळी हाय, लिले. गावात न्हाई. मला माझ्या गावाला सोड.”

मी सोडलं. पण पटलं नव्हतं, आणि हे आपलं सगळ्यात लांबलेलं भांडण. ते असंच वर्षानुवर्षं चाललं असतं, जर मध्ये दुष्काळ पडला नसता.

बहात्तर सालचं काय सांगायचं तुला? रेशनवरची परदेशी मिलोची लाल ज्वारी खाऊन तूच म्हणाली होतीस की भाकरीला भाकरीचा वास येत नाही. पण माणसं विसरतात, म्हणून लिहिते. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या आपल्या भागात पिण्याचं पाणी संपलं. आडाला माती लागली. तुझी शेजारीण गयाबाई रोज तुझ्या दोन घागरी भरायची. ती, तिची लेक, जावई सगळे गावाबाहेर तलावाच्या सरकारी कामावर जायला लागले, उजाडायला जाऊन दिवेलागणीला परत, मग तुझ्यासाठी जमली तर एखादी घागर. पाणी आता लांबच्या मळ्यातल्या एका विहिरीत होतं, आणि तिथे जायची वाट तुझ्या पायांना ठाऊक नव्हती. ज्यांना कामावर जाता येत नाही अशा म्हाताऱ्या-अधू माणसांना सरकार घरी धान्य देणार होतं. आणि कोण काम करू शकतं, कोण नाही, हे ठरवायला तालुक्याहून माणसं घरोघर पाहणीला येत होती.

ती माणसं आली तेव्हा माझ्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मी इथेच होते. आपले ग्रामसेवक आणि त्यांच्याबरोबर तालुक्याचा एक तरुण अधिकारी. सकाळपासून दारोदार फिरून घामाने भिजलेला, चेहरा उतरलेला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने उंबऱ्याच्या आत चपला काढल्या. तू उठलीस, खुंटीवरची सतरंजी काढून अंथरलीस, येता येता पायाने त्याच्या चपला भिंतीकडे सारल्यास. त्या पडल्याचा आवाज तू ऐकला होतास. मग माठात तळाला राहिलेलं पाणी तांब्यात काढलंस, पेल्यात ओतून त्याच्यासमोर धरलंस. थेंब सांडला नाही. मी मनात म्हणत होते, आत्या, सांड. एकदा तरी सांड.

“आजी, दिसतं का तुम्हाला?” त्याने विचारलं.

“जेवडं लागतं तेवडं दिसतं.”

“साहेब, तिला काहीसुद्धा दिसत नाही,” मी म्हणाले.

“लिले, तू गप. मला इचारलंय त्यांनी.” आणि त्याच्याकडे तोंड करून, “च्या घेनार का? गुळाचा हाय. दूध काय मिळत न्हाई.”

तू चूल पेटवलीस. काडी ओढून बरोबर गोवरीला लावलीस. तांब्यात उरलेल्या पाण्याचा चहा गाळून दिलास. किती मनापासून प्यायला तो! जाताना हसून म्हणाला, “आजी, तुम्हाला तर आमच्यापेक्षा जास्त दिसतंय.”

“माझ्या घरात मला डोळं कशाला पायजेत?” तू म्हणालीस. त्याला वाटलं तू थट्टा करतेस.

ते गेल्यावर मी तुझ्यावर ओरडले. इतकं की गयाबाईच्या कोंबड्या ओट्यावरून पळाल्या. “थोडं चाचपडली असतीस तर काय बिघडलं असतं? भिंतीला हात लावून चालली असतीस तर?”

“माझ्याच घरात चाचपडू?”

“धान्यासाठी, आत्या! पाण्यासाठी!”

“मग त्यांनी तसं इचारायचं. पानी कुठनं आनता, असं इचारलं असतं तर सांगितलं असतं. दिसतं का म्हनाले, मी सांगितलं.”

मी डोक्याला हात लावला. तुझं बरोबर आहे हे मला कळत होतं, म्हणून तर राग आणखी येत होता. एस.टी.ची वेळ झाली.

चावडीवर यादी लागली. धान्याच्या यादीत तुझं नाव नव्हतं. तुझ्या नावापुढे शेरा होता: अंशतः दिसते, हलक्या कामास योग्य. ग्रामसेवकाने वाचून दाखवलं तेव्हा तू, गयाबाई सांगते, खूश झालीस. खूश! “बघा, योग्य म्हनलंय.” आणि गयाबाईच्या पदराचं टोक धरून तू कामावर निघालीस.

हलकं काम म्हणजे काय दिलं त्यांनी तुला? लेकरं सांभाळायची. बाया माती वाहायच्या, आणि गोणपाटाच्या सावलीत त्यांची तान्ही, रांगती पोरं तुझ्यापाशी असायची. हे मला भिंगारला कळलं तेव्हा मी वर्गात शिकवत होते. फळ्याकडे तोंड करून तशीच उभी राहिले. लहान मुलांना शिकवणं हे माझं रोजचं काम. माझे दोन्ही डोळे शाबूत असून पोरं हातची सुटतात.

तुला मात्र ते दिवस आवडले. हे तू मला नंतर सांगितलंस, पडलेल्या आवाजात. प्रत्येक पोराचं रडणं तुला वेगळं ओळखू यायचं. तुझ्या मांडीवर पोरं झोपायची. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याभोवती इतकी लेकरं होती. तू त्यांना गाणी म्हणायचीस, शिव्या द्यायचीस, कामावर मिळणारी सरकारी सुकडी भरवायचीस.

मग तो दिवस आला. दगडाच्या दोन ट्रका शेजारून घरघरत गेल्या, आणि त्या आवाजात गयाबाईची नात सुमी तुझ्या हाताखालून निसटली. ट्रका लांब गेल्यावर तू कानोसा घेतलास. एक आवाज कमी होता. तू ओरडलीस. कामावरच्या बाया सांगतात, तसं ओरडणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. सुमी माती काढलेल्या खड्ड्याच्या काठावर होती. एका गड्याने धावत जाऊन तिला उचललं. पोरीला काही झालं नाही. ती तर हसत होती.

गयाबाईची लेक तुला काही बोलली नाही. गयाबाई बोलली नाही. मुकादम म्हणाला, “आजी, पोरं पळत्यातच. कोनी काय म्हनलं का तुमाला?”

“कोनी म्हनलं न्हाई, म्हनून तर जाते,” तू म्हणालीस. “माझं नाव काढा.”

त्या आठवड्यात नगरला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ तुझा निरोप आला. लिलीला म्हणावं, अर्ज लिहायला ये.

मी आले तेव्हा तू ओट्यावर नव्हतीस. आत भिंतीशी बसली होतीस, मिश्रीसुद्धा लावलेली नव्हती. मी जवळ बसले. तू माझा हात घेऊन स्वतःच्या हातात दाबलास. मग म्हणालीस, “सोताचं काय, मी उपाशी ऱ्हाते. दुसऱ्याचं लेकरू माझ्या अंधारात नको. त्यांनी चुकीचं लिवलंय, ते खोडायला लाव.”

अंधार हा शब्द मी तुझ्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मी अर्ज लिहिला. मॅट्रिकला मराठीत बरे गुण होते, शिवाय राग होता. वाचून दाखवला: सदर अर्जदार ही पूर्णतः अंध, असहाय व निराधार स्त्री असून. तिथेच तू थांबवलंस.

“असहाय म्हंजी?”

“जिला स्वतःचं काही करता येत नाही ती.”

“काढ ते.”

“आत्या, असं लिहिल्याशिवाय मिळत नाही.”

“काढ म्हनते ना. आनि निराधार बी काढ. तू मेलीस का?”

वाटेत अर्धा दिवस एस.टी.च्या टपावरच्या बोचक्यासारखी आदळत आलेली मी, हसावं की रडावं कळेना. शेवटी तू सांगितलंस आणि मी लिहिलं: मला डोळ्यांनी दिसत नाही. घरातलं सगळं मी करते. घराबाहेर नव्या वाटेने मला जाता येत नाही. पाणी नव्या वाटेने गेलं आहे. मला लेकरं सांभाळायला लावू नये. इतकंच. माझ्या शाळेतल्या चौथीच्या पोरानेही याहून लांब अर्ज लिहिला असता.

“अंगठा दे,” मी म्हणाले.

“मला सही येती.”

येत होती. डोळे असताना प्रौढांच्या वर्गात जाऊन शिकली होतीस, आणि तिचा तुला केवढा तोरा! मी विनवलं, पाया पडते म्हणाले. आंधळ्या बाईच्या अर्जावर सही बघून कोण विश्वास ठेवेल? तू ऐकलं नाहीस. मी बोट ठेवून जागा दाखवली आणि तू नाव लिहिलंस, सगळी अक्षरं एकमेकांवर रेलून उभी, पण वाचता येणारी.

तालुक्याच्या कचेरीत बोलावणं आलं तोवर उन्हं तापायला लागली होती, आणि गावाच्या वेशीपर्यंत अधूनमधून पाण्याचा टँकर यायला लागला होता. मी रजा काढून आले. तू नेसूचं लुगडं धुतलं होतंस, एवढ्या टंचाईत, आणि मी काही बोलू नये म्हणून आधीच म्हणालीस, “गयानं आनलेल्या पान्यात न्हाई, टँकरच्या खाली सांडलेल्यात धुतलंय.” कचेरीच्या पायऱ्या चढेपर्यंत तू माझा दंड घट्ट धरलास. दाराशी आलो तशी सोडलास.

टेबलामागे वयस्कर साहेब होते. पाहणीला आलेला तरुण अधिकारी बाजूला उभा होता, त्याने तुला ओळखून नमस्कार केला. साहेबांनी अर्ज वाचला, मग उलटून पाठीमागेही पाहिलं, आणखी काही लिहिलं आहे का म्हणून.

“ही सही कुणाची?”

“माझी.”

“तुम्ही केली? स्वतः?”

“मग काय गावानं केली?”

तरुण अधिकारी खाली बघून हसला. साहेब हसले नाहीत. “बाई, दिसत नाही म्हणता आणि सही करता. आम्ही काय समजायचं?”

मी बोलायला तोंड उघडलं, पण तू माझ्याकडे न वळताच हाताने मला थांबवलंस.

“साहेब, तुमी जेवताना घास नाकात घालता का? हात माझा, नाव माझं. त्याला डोळं कशाला? तुमचा मानूस आमच्या घरी आला. मी त्याला पानी दिलं. ते पानी कुठनं आलं हे त्यानं इचारलं न्हाई. माझ्या घरात येऊन मला तपासलं. मला बाहेर सोडून तपासायचं हुतं. मी रांधीन, झाडीन, मला कोनाचं फुकटचं नको. पन तुमी लिवलं की हिला दिसतंय, आनि माझ्या हातात लेकरं दिली. एक पोर मरता मरता वाचलं. ते मेलं असतं तर तुमी काय लिवलं असतं?”

खोलीत पंखा घरघरत होता. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते रागावले होते की विचारात पडले होते, मला आजही सांगता येणार नाही. मग त्यांनी एक कोरा कागद तुझ्यापुढे सरकवला. “बरं. इथे सही करा. माझ्यासमोर.”

“करते की.”

त्यांनी टाक तुझ्या हातात दिला. मी जागा दाखवायला पुढे झाले तर म्हणाले, “तुम्ही नको.” तू डाव्या हाताने कागदाची कड चाचपलीस, आणि लिहायला लागलीस. नावाचं पहिलं अक्षर कागदावर आलं. दुसरं कडेला आलं. पुढचं सगळं टेबलावरच्या हिरव्या कापडावर गेलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, शाईने भरलेलं, लांबच लांब. शेवटचा काना ओढून तू मान ताठ केलीस आणि म्हणालीस, “झाली.”

साहेब त्या कापडाकडे बघत होते. तरुण अधिकारी खिडकीकडे वळला. मग साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, “छान आहे सही. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला आणून द्या, बाई. शेरा बदलून घेतो.”

परतीच्या गाडीत तू माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होतीस आणि तुझी कळी खुलली होती. “बघितलंस? नीट बोललं की मानूस ऐकतं. रडायला लागत न्हाई, चाचपडायला लागत न्हाई.” मी हो हो म्हणत राहिले. तुला कशाने मिळालं ते मी पाहिलं होतं. ते मी तुला कसं सांगणार होते? तुझा सगळा अभिमान त्या बोलण्यावर उभा होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि ठरवलं की हे कधीच तुझ्या कानावर जाऊ द्यायचं नाही.

दाखला मिळाला. नगरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून तुझ्या डोळ्यांत पाहिलं आणि लगेच लिहून दिलं. “आतली शीर केव्हाच सुकलीय,” म्हणाले. बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, “शीर सुकली म्हंजी पुन्हा न्हाई ना?” मी नाही म्हणाले. “बरं झालं. एकदा कळलेलं बरं,” म्हणालीस. तुझ्या मनात तोवर कुठेतरी आशा होती, हे मला त्या दवाखान्याच्या दारात समजलं. किती वर्षं तू ती एकटीने सांभाळली होतीस, कुणास ठाऊक.

धान्य सुरू झालं. आणि तू गावभर सांगत सुटलीस. कचेरीत मी असं बोलले, साहेब गप झाला, मग मी तसं बोलले. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी वाढायची. चावडीसमोर, टँकरच्या रांगेत, जात्यावर. तुझ्या तोंडून ती ऐकून पलीकडच्या आळीतला कोंडीबा उठला. गुडघे गेलेला माणूस, पाहणीच्या दिवशी तोही त्या तरुण अधिकाऱ्यासमोर काठी टाकून ताठ उभा राहिला होता, आणि त्यालाही हलक्या कामाला योग्य ठरवलं होतं. त्याने अर्ज केला. मग आणखी दोघी म्हाताऱ्या गेल्या. तरुण अधिकारी पुन्हा गावात आला. या खेपेला तो घरात बसला नाही. ज्याला त्याला म्हणाला, “पाणी आणायला चला, मी बरोबर येतो.” कोंडीबाबरोबर तो मळ्यातल्या विहिरीच्या वाटेला लागला आणि निम्म्यातून त्याला पाठीवर घेऊन परतला. दोघी म्हाताऱ्यांपैकी एकीचं काम झालं, दुसरीचं झालं नाही. तिचा लेक कामावर आहे, असं कारण दिलं. लेक तिला विचारतसुद्धा नव्हता. त्यावरून तू पुन्हा अर्ज लिहायला लावलास, आणि तो अर्ज दुष्काळ संपला तरी कुठे तरी पडूनच राहिला. टँकर मात्र आपल्या आळीच्या तोंडाशी थांबायला लागला. तिथवरची वाट तुझ्या पायाखालची होती.

दुष्काळ सरला. गयाबाईची माणसं ऊसतोडीला जायला लागली, आणि मी पुन्हा तेच म्हणायला लागले. भिंगारला ये. गया सहा-सहा महिने नसते, तुला काही झालं तर? आता तर दाखलाही आहे तुझ्याकडे, आंधळी असल्याचा. हे वाक्य मी रागात बोलले होते. तू शांतपणे म्हणालीस, “दाखला सरकारला दिलाय. तुला न्हाई.” गाडीची वेळ झाली. तेच आपलं शेवटचं बोलणं.

ताप आला तेव्हा गयाबाई नशिबाने गावातच होती. तिने तुला पेज पाजली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. तू माझ्याकडे निरोप पाठवू दिला नाहीस. “परीक्षा चालू असतील तिच्या पोरांच्या.” परीक्षा संपल्या होत्या, आत्या. मी घरी बसून कुरडया घालत होते. भिंगारला असतीस तर पलटणीचा दवाखाना हाकेवर होता, औषध मिळालं असतं, तू जगली असतीस. असं मी म्हणते. आणि भिंगारच्या त्या क्वार्टरमध्ये खुर्च्यांना धडकत, हात धरून बसवून घेत, तू किती जगली असतीस, असंही मीच म्हणते. दोन्ही बाजूंनी मीच भांडते. थकून जाते, तरी निकाल लागत नाही.

आणि काल संध्याकाळी, त्या पातेल्याच्या प्रकारानंतर, गयाबाई माझ्यासाठी चहा घेऊन आली. सुमी तिच्या कडेवर होती, एवढी मोठी झालीय तरी. मी गयाबाईला म्हणाले, एक गोष्ट आत्याला मी कधी सांगितली नाही. आणि त्या हिरव्या कापडाचं सगळं सांगितलं. मला ते कुणाजवळ तरी बोलायचं होतं.

गयाबाईने सुमीला खाली ठेवलं. “तिला ठाव हुतं की,” म्हणाली.

“काय?”

“तुमी कचेरीतनं आल्या त्या सांजेला मला म्हनली. गया, सही कापडावर गेली. टाकाला कळतंय ना, कागुद कुठला आनि कापड कुठलं. पन लिलीला म्हनू नको, ती पोरगी माझ्यासाटी तोंड दाबून बसलीय.”

मी चहा तसाच खाली ठेवला.

रात्रभर (झोप कसली!) आणि आज सकाळपासून मी एवढंच विचारत फिरते आहे. या खोलीतून त्या खोलीत. आत्या, टाक कापडावर उतरला हे तुला कळलं, मग तू थांबली का नाहीस? कागदाची कड तू डाव्या हाताने आधीच चाचपली होतीस. गव्हातला खडा बोटाने टिपणारी तू. तुझा हात खरंच चुकला, आणि चुकल्यावर माघार घ्यायची नाही म्हणून तू तशीच शेवटपर्यंत लिहीत गेलीस? की तू मुद्दाम नेलीस सही बाहेर? उंबऱ्याच्या आत कधी चाचपडली नाहीस ती तू, त्या परक्या खोलीत, त्या परक्या माणसांसमोर, सुमीसाठी, पुढच्या कोणाच्या पोरांसाठी, एकदाच चाचपडलीस का? आणि मग गावभर सांगितलंस की नीट बोललं की माणूस ऐकतं, कोंडीबाने मान वर करून जावं म्हणून?

यातलं एक खरं असेल तर मी तुला मिठी मारीन. दुसरं खरं असेल तरी मारीन. पण मला कळायला हवं. गयाबाईला विचारलं तर म्हणते, “ते काय बोलली न्हाई ती.” त्या साहेबांनाही ठाऊक नसणार. ज्या माणसाला ठाऊक आहे ते माणूस, आजवर कुणाचं एक वाक्य खाली पडू न देणारं, नेमकं आताच गप्प बसलंय.

आज माझी गाडी जाऊ दे, आत्या. मला कुठेही जायचं नाही. तू सांग.